ध्वजवंदनानंतर ग्रामसभा

17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तीच्या दिवशी, शिरूर अनंतपाळच्या शाळाशाळांत तिरंगा चढतो. देश 1947 साली स्वतंत्र झाला. आपला भाग मात्र निजामाच्या राज्यात आणखी तेरा महिने अडकून होता. तिथं ‘गश्ती निशाण 53’ नावाचा हुकूम होता. सभा घ्यायची तर आधी परवानगी काढा! गाऱ्हाणं मांडणं लांबच, चार माणसं जमवणंसुद्धा सरकारच्या मर्जीवर.

स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली त्या राजवटीशी झुंजलेले गोविंदभाई श्रॉफ मुक्तीनंतर सत्काराचे हार घालून घेत बसले नाहीत. मराठवाड्याचा अनुशेष, रुंद रेल्वेमार्ग, अशा प्रश्नांवर त्यांनी आपल्याच सरकारला धारेवर धरलं. 1974 च्या विकास आंदोलनात ते पुढे होते. त्यांच्या देशभक्तीवर बोट ठेवायची कुणाची छाती होती? पुढे याच देशानं त्यांना पद्मविभूषण दिलं.

आणि आपण? पारावर बसून सरकारला शिव्या घालायला सगळे पुढे, ग्रामसभेला मात्र कोरम भरत नाही. (चहा असला तर भरतो म्हणा.) पण एखादी आजी पदर सावरून उठते, “नळाला आठ दिस पाणी नाही, पैसा कुठं गेला ओ सरपंच?” म्हणते, तेव्हा सरपंचाला उत्तर द्यावंच लागतं. परवानगीबिरवानगी काही लागत नाही तिला.

येत्या ग्रामसभेला जा. प्रश्न नुसता बोलू नका, इतिवृत्तात लिहायला लावा आणि नक्कल मागून घ्या.