माणशी अर्धा एकर

या गोष्टीतल्या गावाचं नाव सांगत नाही. पुरंदर तालुक्याच्या कोरड्या बाजूचं कुठलंही धरा. 1972 च्या दुष्काळात सुकडी खाऊन, दुष्काळी कामावर राबून गावानं पाझर तलाव बांधला. तलावात पाणी नव्हतं तोवर भांडायलाही काही नव्हतं. पुढं पावसानं हात दिला आणि दोन्ही सुरू झालं.

तलावाखाली तात्यांची तीस एकर. त्यांच्या विहिरींना पाझर लागला, तात्यांनी ऊस लावला. बांधापलीकडं वरच्या आळीची ज्वारी पोटरीतच करपायची. एका रात्री मोटारीची वायर कापली गेली. मग पोलीस, मग कोर्टाच्या तारखा. पिकलं ते वकिलाचं. वरच्या आळीनं ईर्ष्येनं तलावाच्या काठाला खोल विहिरी खणल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यांच्याच विहिरींनी तळ गाठला. तात्यांचा ऊस जनावरांपुढं गेला.

त्याच तालुक्यात, नायगावला, विलासराव साळुंखे या पुण्याच्या कारखानदार-इंजिनिअरनं 1974 मध्ये देवस्थानाची 40 एकर माळजमीन भाडेपट्ट्यानं घेऊन पाणी अडवण्याचे प्रयोग मांडले होते. त्यातून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीचे नियम गावात येऊन पोचले: पाणी एकरावर नाही, माणसावर वाटायचं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच. ऊस बंद. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी भरायचा. आणि भूमिहीनालाही वाटा.

या शेवटच्या कलमावर देवळातली बैठक अडली.

"ज्याला गुंठा नाही त्याला पाणी कशाला? अंगणात सडा टाकायला?" तात्या म्हणाले. माणसं हसली.

खांबाशी बसलेली एक मजूर बाई उठली. "तळ्याची माती मी डोक्यावरनं वाहिली, तात्या. पाटी उचलताना कुणी सातबारा मागितला नव्हता."

"त्याची मजुरी घेतलीस की."

"घेतली. तुमच्या हिरीला पाझर लागला, त्याची कुणाला दिलीत?"

तात्या उठून गेले. पुढच्या बैठकांनाही फिरकले नाहीत. न्यायबुद्धी जागी व्हायला वेळ लागतो, खिसा लवकर जागा होतो. कोर्टाचा खर्च आणि कोरड्या विहिरी यांची बेरीज झाली तेव्हा ते आले आणि कलमासकट सगळ्याला हो म्हणाले. खटला मागं घेतला गेला. तलावाखाली सामायिक विहीर झाली, पाळ्या लावायला पाटकरी नेमला. चुकवलेली पाळी आणि चोरलेलं पाणी, दोन्ही त्याच्या वहीत चढायची, मग माणूस तात्यांच्या घरचा का असेना.

आता हिशोब असा झाला: तात्यांच्या घरी पाच माणसं, म्हणजे अडीच एकराचं पाणी आणि बाकी जमीन कोरडी. त्या बाईच्या घरी चार माणसं. दोन एकराचं पाणी आणि जमीन शून्य.

रब्बीच्या तोंडावर तात्या तिच्या दारात आले.

"आक्का, तळ्याखालचे दोन एकर निम्म्या वाट्यानं करतीस का? वाटाणा चांगला येईल."

"पाणी माझं, कष्ट माझे. निम्मं कसं? दोन वाटे माझे, एक तुमचा."

"विचार करतो."

"करा की. खालच्या वाडीचे पाटीलबी काल विचारून गेलेत."

तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि ओट्यावर बसले. "बरं, मग बियाणं कुणाचं?"