बंद नळीतले पाणी आणि अनर्थदंड

संगणकाचा प्रोसेसर थंड ठेवण्यासाठी पाणी वापरावे की नाही, आणि वापरायचे ठरलेच तर पहिला संच कोणत्या भागांचा जुळवावा, हा प्रश्न वरकरणी तंत्राचा आणि खिशाचा आहे; परंतु जैन दर्शन पाण्याला निर्जीव द्रव्य न मानता अप्काय, म्हणजे पाणी हेच ज्यांचे शरीर आहे अशा एकेंद्रिय जीवांचा समूह, मानते, आणि त्या दृष्टीने पाहू लागताच याच प्रश्नाला आचारधर्माचे वळण लागते. बेळगाव-निपाणी पट्ट्यात ही दृष्टी पोथीपुरती उरलेली नाही. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर रट्ट राजवटीतील मंत्री बिचिराज याने १२०४ मध्ये उभारले. तवंदी घाटाजवळचे स्तवनिधी हे जैन क्षेत्र निपाणीकरांच्या नेहमीच्या वाटेवरचे आहे. वेदगंगा आणि दूधगंगा जेथे मिळतात ते भोज हे आचार्य शांतिसागरांचे (१८७२–१९५५) गाव. आणि सदलगा या एकाच गावात प्राकृताचे थोर संशोधक आ. ने. उपाध्ये (१९०६) आणि आचार्य विद्यासागर (१९४६) जन्मले. याच भागातील श्रावकांची, म्हणजे गृहस्थ जैनांची, मुले आता अभियांत्रिकी शिकतात, यंत्रभागांचे आराखडे आणि चलच्चित्रे संगणकावर तासन्‌तास घडवतात, आणि त्या कामात तापणाऱ्या यंत्राचा विचार त्यांना करावाच लागतो.

पाण्याविषयीचा जैन आचार जलगालन या शब्दात सामावतो. तेराव्या शतकातील पंडित आशाधरांनी ‘सागारधर्मामृत’ या ग्रंथात श्रावकाच्या मूलगुणांची जी एक परंपरा नोंदवली आहे, तिच्यात रात्रिभोजनत्यागाबरोबर जलगालनही आहे. रूढीप्रमाणे गाळण्याचे कापड छत्तीस अंगुळे लांब, चोवीस अंगुळे रुंद आणि दुहेरी घडीचे हवे. त्यातून आरपार उजेड दिसत असेल, तर ते कापड विरळ समजावे. गाळून झाल्यावर कापडावर जे सूक्ष्म जीव राहतात, त्यांना जिवाणी म्हणतात. ती जिवाणी गाळलेल्या पाण्याची धार सोडून भांड्यात उतरवायची आणि ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत परत पोचवायची. पण वरून ओतायची नाही, कारण उंचावरून आपटून जीव मरतील. त्यासाठी बुडाशी कडी असलेली लहान बादली सावकाश खाली सोडतात, ती पाण्याला टेकली की दोरीच्या हिसक्याने उलटते आणि जीव आपल्या ठिकाणी परततात. ज्या परंपरेने एका बादलीच्या बुडाचा एवढा विचार केला, ती संगणकातील पाण्याविषयी काहीच म्हणणार नाही असे मानणे चुकीचे ठरेल.

या विचारासाठी यंत्राची रचना आधी समजून घ्यावी लागते. प्रोसेसरवर तांब्याचा, आतून बारीक खाचा पाडलेला एक पोकळ ठोकळा बसवतात, त्याला वॉटर ब्लॉक म्हणतात. पंप त्यातून पाणी फिरवतो. तापलेले पाणी रेडिएटरच्या पातळ पत्र्यांतून जाते आणि पंख्यांच्या वाऱ्याने निवते. टाकीत थोडे पाणी शिल्लक राहते आणि बुडबुडे तेथे वर येऊन निघून जातात. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल, तर त्याचे तापमान एका अंशाने वाढण्यासाठी सुमारे ७० वॅट उष्णता लागते, म्हणून मिनिटाला चार लिटरचा साधा प्रवाह दोनशे वॅटची उष्णता एका अंशाहून कमी वाढीत वाहून नेतो, आणि त्याहून दांडगा पंप घेऊन फारसे काही साधत नाही. पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ते ती एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते. अखेर ती खोलीतील हवेतच सोडायची असल्याने पाणी खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. एप्रिलच्या दुपारी खोलीत ३५ अंश असतील, तर पाण्याची खालची मर्यादाही तीच.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. जैन मतानुसार स्थावर, म्हणजे स्वतः हलू न शकणारे, जीव पाच प्रकारचे आहेत: पृथ्वीकाय, अप्काय, तेजस्काय, वायुकाय आणि वनस्पतिकाय. साधा हवेवर चालणारा कूलर वायुकायाला त्रास देतो, म्हणूनच मुनी पंखा वापरत नाहीत. पण पाण्याचा संच घेतला म्हणून पंखे जात नाहीत, उलट रेडिएटरवर दोन-तीन बसतात. तांबे खाणीतून आले, पंपाला वीज लागते, नळीत पाणी फिरते आणि त्या पाण्यात पुढे शेवाळ धरते. वीज सजीव तेजस्काय आहे की नाही, याविषयी जैन परंपरेतच मतभेद आहेत, तो वाद येथे बाजूला ठेवला तरी पाण्याचा संच हवेच्या कूलरची जागा घेताना हिंसेची एक जात कमी करून दुसरी वाढवतो असे नसून, आधीच्यांत एक-दोन जातींची भर घालतो, हे स्पष्ट आहे.

श्रावकाला स्थावर हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, आणि शास्त्र त्याच्याकडून ती अपेक्षाही करत नाही; त्याचे अणुव्रत, म्हणजे गृहस्थासाठीचे मर्यादित व्रत, त्रस, म्हणजे हालचाल करणाऱ्या, जीवांच्या संकल्पपूर्वक हिंसेपुरते आहे. मात्र यापुढे अनर्थदंडव्रत येते. अनर्थदंड म्हणजे प्रयोजनावाचून घडवलेली हानी. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांतील प्रमादचर्या या प्रकारात माती, पाणी, अग्नी, वारा यांच्याशी चालवलेला निष्फळ खटाटोप आणि वनस्पतींची व्यर्थ तोड यांचा समावेश केला आहे. ही यादी आणि संगणकाच्या शीतक संचातील सामग्री जवळजवळ एकच आहे. त्यामुळे भाग निवडण्याआधीचा खरा प्रश्न असा ठरतो की, या पाण्याला प्रयोजन आहे काय? पासष्ट वॅटचा प्रोसेसर हिशेब, पत्रव्यवहार आणि अभ्यास यांसाठी चालत असेल, तर त्याला हवेचा साधा कूलर पुरतो आणि त्यावर पाण्याचा थाट हा सरळ अनर्थदंड होय. तासन्‌तास पूर्ण भाराने चालणारे, दीडशे-दोनशे वॅट उष्णता टाकणारे यंत्र ज्याच्या उदरनिर्वाहाचे साधन आहे, त्याची गोष्ट वेगळी. तेथील हिंसा उद्योगी, म्हणजे व्यवसायाच्या ओघात घडणारी, या वर्गात जाते आणि गृहस्थाला ती क्षम्य मानली आहे.

प्रयोजन सिद्ध झाल्यावर मात्र निवडीचे काही निकष तंत्र आणि धर्म दोघेही एकच सांगतात. तांब्याचा ठोकळा आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एका पाण्यात आले, तर पाणी त्या दोन धातूंमध्ये विजेचा घट बनवते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. म्हणून दोन्ही तांब्याचे घ्यावेत. रेडिएटर बहुधा १२० मिलिमीटरच्या पटीत मिळतात. एकट्या प्रोसेसरला दोन पंख्यांचा, २४० मिलिमीटरचा पुरतो. निपाणीसारख्या तंबाखूच्या गावात वखारीजवळच्या घरी दाट पत्र्यांचा रेडिएटर घेतला, तर तो धुळीने लवकर बुजेल, तेथे विरळ पत्र्यांचाच बरा.

नळीची निवड मात्र याहून पुष्कळ महत्त्वाची आहे. दुकानात नजर ओढून घेते ती पारदर्शक नळी, तिच्यात निळे-जांभळे पाणी आणि बाजूला रंगीत दिवे. शेवाळाला वाढायला उजेड लागतो आणि ही रचना त्याला तो दिवसरात्र पुरवते. मग शेवाळ मारण्यासाठी जंतुनाशक घालावे लागते. आधी वाढू द्यायचे आणि मग मारायचे, हा क्रम जैन आचाराच्या थेट उलट आहे, कारण तेथे जीव मारू नयेत याच्याही आधी, ते उत्पन्न होतील अशी स्थिती निर्माण करू नये, असे सांगितलेले असते. लोणच्याला ओला चमचा लागू न देणारी, पापड कडकडीत वाळवूनच डब्यात भरणारी गृहिणी हाच यत्नाचार, म्हणजे सावध आचार, पाळत असते. या कसोटीवर काळ्या ईपीडीएम रबराची अपारदर्शक नळी आणि बंद काळी टाकी यांना पर्याय नाही. अंधारात शेवाळ धरत नाही आणि जंतुनाशकाची गरज पुष्कळच कमी होते. अशी नळी दिसायला सायकलच्या ट्यूबसारखी असते. ती न आवडण्याचे कारण जर केवळ तेवढेच असेल, तर शोभा आणि प्रयोजन यांतील अंतर आपोआप कळून येते.

पाणी डिस्टिल्ड, म्हणजे वाफ करून पुन्हा निववलेले, घ्यायचे. बॅटरीच्या दुकानात ते मिळते, आणि काळ्या रानातील बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने ठोकळ्यातील खाचा बुजतात तसे त्याने होत नाही. उकळल्याने पाणी प्रासुक, म्हणजे जीवरहित, होते. परंतु उकळलेल्या पाण्याची मर्यादा परंपरेने आठ प्रहर, म्हणजे चोवीस तास, धरली आहे, आणि संचातील पाणी वर्षभर फिरत राहते. हा नियम शब्दशः लावला, तर बंद संच पहिल्याच दिवशी दोषी ठरेल. पण ही मर्यादा पिण्याच्या-वापरण्याच्या उघड्या पाण्यासाठी आहे, तिच्यामागचे कारण त्या पाण्यात पुन्हा होणारी जीवोत्पत्ती हे आहे, आणि जेथे ते कारणच रोखले आहे तेथे घड्याळापेक्षा कारण पाहणे अधिक योग्य. आचार्य कुंदकुंदांच्या ‘प्रवचनसारा’ची भूमिकाही अशी आहे की, जीव मरो वा न मरो, बेफिकीर वागणाऱ्याला हिंसेचा दोष लागतो आणि सावधपणे वागणाऱ्याला केवळ घडलेल्या हानीने बंध होत नाही. या ग्रंथाची उपाध्ये यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकवत होते. जोडणी झाल्यावर संगणकाला वीज न देता एकटा पंप चोवीस तास चालवून प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेवणे, हीदेखील कुंदकुंदांच्या अर्थाने सावधगिरीच होय.

जलगालनाचा एक नियम मात्र या संचाला कोणत्याही उपायाने पाळता येत नाही, आणि तो जिवाणीचा. विहिरीचे पाणी विहिरीला परत देता येते, संचातले पाणी कोणालाच परत देता येत नाही. त्यात तांब्याचा अंश उतरलेला असतो. रंगीत तयार द्रवांपैकी काहींत इथिलीन ग्लायकॉल असते, ते चवीला गोड आणि कुत्र्या-मांजरांना प्राणघातक असते. वर्षाने संच उपसल्यावर ते पाणी विहिरीत, नाल्यात किंवा वेदगंगेत सोडू नये, आणि मुळात पहिल्या संचात रंगीत द्रव भरूच नये.