इरादा आणि ताण

इंग्रजीतील ‘इंटेंड’ या क्रियापदाचे काम आपण ‘मनात असणे’ किंवा फार तर ‘बेत करणे’ एवढ्यावर भागवतो. परंतु त्याचा लॅटिन पूर्वज जो ‘इंटेंडेरे’, त्याचा मूळ अर्थ ताणणे, रोखणे असा असून रोमन लोक तो धनुष्याविषयीही सहज योजीत. ज्या प्राचीन धातूपासून तो निघाला त्याचेच संस्कृत रूप ‘तन्’, तेव्हा आपले ताणणे, तंतू आणि गवयाची तान ही या परक्या शब्दाची दूरची भावंडेच होत. मुंडकोपनिषदाने प्रणवाला धनुष्य, आत्म्याला बाण आणि ब्रह्माला लक्ष्य कल्पिले, तेही याच ताणाच्या जाणिवेने असावे, असे मला वाटते.

इच्छेला ताण नसतो. पाऊस पडावा अशी इच्छा कोणीही, ओसरीवर पाय पसरूनसुद्धा, धरावी. पाऊस पाडण्याचा इरादा मात्र शहाणा मनुष्य करीत नाही, कारण इराद्याला लक्ष्याबरोबर हातही लागतो. आणि हात आला की प्रश्न उभा राहतो: धनुर्धराने केवळ दूरच्या लक्ष्याचीच जबाबदारी पत्करावयाची, की ते गाठण्यासाठी त्याने जाणूनबुजून ज्याचा वेध घेतला त्याचीही?

१९५६ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने, जपानवर अणुबॉम्ब टाकण्याचा हुकूम देणारे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांना सन्माननीय पदवी देण्याचे योजिले, तेव्हा तेथील तत्त्वज्ञ एलिझाबेथ ॲन्स्कम यांनी हीच तकरार मांडली. त्या श्रद्धाळू कॅथलिक होत्या. युद्ध लवकर संपविणे एवढाच इरादा होता, ही कैफियत त्यांना मंजूर नव्हती; हिरोशिमा व नागासाकी येथील निरपराध माणसांचे मरण हेच जर युद्ध संपविण्याचे साधन म्हणून निवडले, तर ते मरणही इराद्यातच मोडते, असे त्यांचे म्हणणे. (आपल्या १८६० च्या दंडसंहितेने सदोष मनुष्यवधाच्या व्याख्येत इराद्याबरोबर जाणिवेलाही जागा देऊन ही पळवाट आधीच अरुंद केली होती.) रणांगणावर मुलगा असलेल्या मातेला हा विचार निष्ठुर वाटेल, हे मी जाणतो, तरीही तो मला खरा वाटतो.

विद्यापीठाने हरकत मानली नाही. ट्रूमन यांना पदवी मिळाली. पुढील वर्षी ॲन्स्कम यांचे ‘इंटेन्शन’ हे पुस्तक निघाले. ते शंभर पानांच्या आतले आहे.