गोशाळेला हात हवेत

पडलेली, स्वतःहून उठू न शकणारी गाय हा कोणत्याही गोशाळेतला सर्वांत कठीण रुग्ण. चारशे किलोंचे जनावर तासन्‌तास एकाच कुशीवर राहिले की खालच्या पायाचे स्नायू आणि नसा त्याच्याच वजनाखाली दबतात. मग मूळ आजार बरा झाला तरी ते पुन्हा उभे राहीलच असे नाही. पूर्ण आडवे झाले तर कोठीपोटातला वायू बाहेर पडत नाही, पोट फुगते, श्वास अडतो. यावर काय करायचे ते पशुवैद्यकाला नीट ठाऊक असते: खाली पेंढ्याचा जाड थर, जनावराला छातीवर बसते करून बाजूंनी आधार, आणि रात्रंदिवस दर काही तासांनी कूस बदलणे. सलाइन देणगीतून येते, औषधेही येतात. कूस बदलायला मात्र एका वेळी चार-पाच माणसे लागतात, ती पहाटे तीनलाही लागतात, आणि मोजक्या मजुरांवर चालणाऱ्या संस्थेत ती नसतात. वाचू शकली असती अशी गाय मग जाते. आपल्याकडे प्राणिसेवेचा सगळा विचार दानाभोवती फिरतो. तो श्रमाभोवती फिरायला हवा, आणि तेही नेमाने, शिकून केलेल्या श्रमाभोवती, असे मला ठामपणे वाटते.

दानाची परंपरा जुनी आहे आणि ती मी कमी लेखत नाही. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल झाली. त्यानंतर दोन वर्षांनी जमशेटजी जिजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभी राहिली. पैसा व्यापाऱ्यांनी द्यायचा आणि शेण-गोठ्याचे काम पगारी माणसांनी करायचे, ही रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. सरकारही त्याच वाटेने गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला ५० रुपयांचे अनुदान मंजूर केले. मोठे जनावर दिवसाला पंधरा-वीस किलो हिरवा चारा सहज खाते, वर कडबा, पेंड, पाणी. वैरणीचे भाव ज्याने उन्हाळ्यात पाहिले आहेत त्याला या रकमेची झेप कळेल. पण ही रक्कम दुप्पट झाली तरी तिच्यातून रात्रीचा पाचवा माणूस येत नाही.

दानाच्या वृत्तीत आणखी एक धोका आहे, तो खाऊ घालण्याचा. वसुबारसेला, पोळ्याला, घरातल्या वाढदिवसाला लोक गोशाळेत पुरणपोळ्या, भाताचे डबे, गुळाच्या ढेपा घेऊन येतात. भावना खरी असते. गाईच्या कोठीपोटात मात्र तंतुमय चारा आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांची वस्ती असते. तिथे एकदम भरपूर पिष्ट किंवा साखर गेली तर आम्ल झपाट्याने वाढते, रवंथ थांबते आणि जनावर दगावूही शकते. सुटका करून आणलेल्या ब्रॉयलर कोंबडीची गोष्ट तर याहून क्लेशाची. सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जावे यासाठीच तिची पैदास झालेली असते. तिला पोटभर खाऊ दिले तर पाय वजन पेलत नाहीत, हृदय थकते, म्हणून तिला जगवायचे तर मोजून खायला द्यावे लागते. अशा पक्ष्यासमोरून भांडे उचलून घेणे हीच तिथली सेवा, आणि ती सणाच्या दिवशी येऊन शिकता येत नाही.

नेमाने येण्याचा आग्रह धरण्यामागे जनावरांकडून मिळालेला पुरावाही आहे. केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेतील कीथ केन्ड्रिक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की मेंढ्या पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांपर्यंत लक्षात ठेवतात. इंग्लंडमधील केंट परगण्यात बटरकप्स हे शेळ्यांचे आश्रयस्थान आहे. तिथे झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, खाऊची पेटी उघडेनाशी झाली की शेळ्या समोर उभ्या माणसाकडे पाहत आणि पुन्हा पेटीकडे वळत; माणूस पाठमोरा असला तर हे पाहणे कमी होई. जे जनावर माणसाला इतके निरखते, त्याच्यासाठी दर रविवारी बदलणारी अनोळखी गर्दी हा ताण असतो. तोच माणूस ठरल्या वारी आला, तर त्याला खुराला हात लावू दिला जातो, गोचीड काढू दिली जाते. आणि कालपेक्षा आज रवंथ कमी आहे, हे त्यालाच दिसते.

यावर पहिला आक्षेप येतो तो मजुरीचा. फुकटचे हात आले तर पगारी माणसांचे पोट मारले जाईल. आक्षेप रास्त आहे, म्हणून क्रम स्पष्ट हवा: कायमचे, नीट पगाराचे कामगार आधी. स्वयंसेवकाने त्यांची जागा घ्यायची नाही, त्यांच्या हाताखाली शिकायचे. धनुर्वाताची लस घ्यायची, आणि गाभडलेल्या जनावराजवळ हातमोज्यांशिवाय जायचे नाही, कारण ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. माणसे उपाशी असताना जनावरांवर श्रम कशाला, हा दुसरा प्रश्न. त्याला माझे उत्तर थोडक्यात आहे: रविवारची सकाळ गोठ्यात घालवल्याने कुणाचे अन्न कमी होत नाही.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. थकलेला बैल विकून नव्या जोडीत पैसे घालायचे, हा शेतकऱ्याचा हिशेब तिथे मोडला. २०१९ च्या पशुगणनेत देशात ५० लाखांहून अधिक मोकाट गोवंश आढळला. २०१२ ते २०१९ या काळात नर गोवंश सुमारे ३० टक्क्यांनी घटला, कारण ट्रॅक्टर आला आणि गोऱ्हा पोसणे परवडेनासे झाले. अशा वेळी शहरातून आलेल्या स्वयंसेवकाने भूतदया शिकवू नये, असे शेतकरी म्हणतो, आणि त्याचा राग मला पटतो. काही शे जनावरांच्या आश्रयस्थानाने हे लाखांचे कोडे सुटणारही नाही. पण ज्याने दूध न देणाऱ्या जनावराखालचे शेण महिनोन्‌महिने ओढले आहे, वैरणीचा हिशेब पाहिला आहे, तो गाय सोडून देणाऱ्या शेतकऱ्याला क्रूर म्हणायला सहसा धजत नाही. तो वेगळे प्रश्न विचारू लागतो. गाय पंधरा-वीस वर्षे जगू शकते, दूध त्यातली निम्मीही वर्षे देत नाही. उरलेल्या वर्षांचा आणि तिच्या गोऱ्ह्यांचा खर्च आपण लिटरमागे मोजतो त्या किमतीत कुठे धरला आहे? आज तो शेतकऱ्याच्या अंगावर पडतो, नाहीतर रस्त्यावर. हा खर्च डेअरीने, ग्राहकाने आणि बंदी घालणाऱ्या सरकारने वाटून उचलावा, ही मागणी शेतकरी संघटनांबरोबर गोशाळेतल्या शहरी स्वयंसेवकानेही करायला हवी; दूध त्याच्याही घरी येते.