फक्त १० सेंटिमीटर

ध्रुवावरचा बर्फ वितळतोय, मुंबई बुडणार, अशी बातमी आली की मी मित्रांच्या ग्रुपवर लगेच हिशोब मांडायचो. उपग्रह १९९३ पासून समुद्राची पातळी मोजतायत. तेव्हापासून जगाची सरासरी वाढ सुमारे १० सेंटिमीटर. गिरगाव चौपाटीवर उधाणाच्या दिवशी सहा तासांत पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. त्यापुढे ही वाढ फक्त अर्धी वीत! ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र ७ मीटर चढेल हे खरं, पण त्याला हजारो वर्षं लागतील. कशाला घाबरायचं?

असाच एक मेसेज मी आईला वाचून दाखवला. तिने विचारलं, "चाळीतल्या आपल्या घराचा उंबरठा केवढा होता, आठवतंय?"

मी आडवी बोटं धरली. चार.

"मग?" म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

आम्ही हिंदमाताजवळ तळमजल्यावर राहायचो. पावसाळ्यात आई पेपरातली भरतीची वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवायची. पलंगाखाली विटा असायच्या. पाणी किती येणार ते पावसावर, पण किती वेळ थांबणार ते समुद्रावर. गटारांचं पाणी उतारानेच समुद्रात जातं. भरतीला समुद्र वर आला की त्याची वाट अडते. म्हणूनच महापालिकेने पंपिंग स्टेशनं उभारली, हिंदमाताचं पाणी साठवायला परळ-दादरला जमिनीखाली टाक्या बांधल्या. समुद्राची पातळी थोडी जरी वाढली, तरी ही वाट थोडी जास्त वेळ अडून राहते.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे सरासरीवर कुणी विसंबत नाही. ॲप सरासरी अर्ध्या सेकंदात उघडत असेल, पण शंभरातल्या एकाला वीस सेकंद लागत असतील, तर आम्ही त्या एकाच्या मागे लागतो. मग माणसांच्या बाबतीत मला सरासरी कशी पुरली? कारण आता आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. आकडा खरा होता. 'फक्त' हा शब्द मात्र माझा होता, आणि तो वापरायचा हक्क तळमजल्यावरच्या माणसाचा आहे.

याचा अर्थ 'मुंबई बुडणार' म्हणणारे बरोबर, असं नाही. त्या आरोळीनेही तळमजल्याला काही मिळत नाही. सगळं बुडणारच असेल तर गटार कोण साफ करणार? १९०१ ते १९७१ या काळात समुद्र वर्षाला सरासरी १.३ मिलिमीटर चढत होता. २००६ ते २०१८ मध्ये ३.७. या शतकाच्या शेवटापर्यंतची वाढ पाव मीटरच्या जवळ थांबेल की मीटरभर होईल, हे बरंचसं आपण किती कोळसा, तेल, गॅस जाळतो त्यावर आहे. म्हणजे ती अजून ठरलेली नाही. न ठरलेल्या गोष्टीबद्दल निर्धास्त राहणं चूक, आणि हात टेकणंही चूक.

मी अजूनही आकडे पाठवतो. पण जुलैत साडेचार मीटरहून मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र येणार असं दिसलं, की पहिला फोन आमच्या जुन्या शेजारच्या काकूंना करतो. त्या अजून तळमजल्यावरच आहेत. भरतीची वेळ त्यांना आधीच माहीत असते. तरी त्या ऐकून घेतात.