नाहीशा झालेल्या माणसाविषयीचे तर्क

मनुष्य मेला असता आपण शोक करतो. तो नाहीसा झाला असता मात्र तर्क करू लागतो. शोकास निदान काही रीत व काही मुदत असते. तर्कास दोन्ही नसतात. मे 2022 मध्ये दिल्लीकडचा एक तरुण लोणावळ्याजवळ नागफणीच्या कड्याकडे एकटाच गेला. परतताना त्याची वाट चुकली. आपण रानात हरवलो असल्याचे त्याने दूरध्वनीवरून आपल्या माणसांस कळविले आणि थोड्या वेळाने तो दूरध्वनीही मुका झाला. पोलीस, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’ ही संस्था अशी मंडळी दऱ्या धुंडाळीत राहिली, आणि चार दिवसांनी त्याचा देह एका दरीत सापडला.

अशा प्रसंगी शोध करणारे थोडे असतात. तर्क करणारांस तोटा नसतो. एकटाच का गेला? घरी काही बिनसले होते काय? कर्ज, प्रेमभंग, भाऊबंदकी, बिबट्या, भूतबाधा यांपैकी काहीच वर्ज्य नसते. आणि ज्यांनी सह्याद्री आगगाडीच्या खिडकीतून तेवढा पाहिला, तेही पाय नेमका कोठे घसरला असेल हे छातीठोकपणे सांगू लागतात.

या तर्कपंडितांस चार कठोर शब्द सुनावून मोकळे होणे सोपे आहे, आणि सुज्ञ लोक बहुधा तसेच करतात. आम्हांस मात्र तेवढ्याने समाधान वाटत नाही. परक्याचा मुलगा कोठे गेला असेल या विचाराने ज्यास रात्री झोप येत नाही, तो मनुष्य निर्दय खास नव्हे. कुतूहलात दयेचा काही अंश असतोच. तो अंश समूळ नाहीसा झाला म्हणजे काय होते, हे पाहावयास आम्हां हिंगोलीकरांस दूर जावे लागत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंगोलीस निजामाच्या फौजेची छावणी होती. तेथे हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी राहत असे. आपलाही त्याच्याशी व्यवहार होता, असे निजामाच्या नोकरीतील मेडोज टेलर आपल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या 1839 साली निघालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगतो. मुंबईहून कापड आणावयाचे म्हणून या हरिसिंगाने सरकारी परवाना काढला. तेच कापड घेऊन येणाऱ्या दुसऱ्या व्यापाऱ्यास त्याच्या नोकरमाणसांसह वाटेत ठार मारले. आणि परवान्याच्या जोरावर तो माल छावणीत उघडपणे विकला. पुढे तो पकडला जाऊन स्वतःच बोलला म्हणून हे कळले. मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, पहारेकऱ्यांच्या रांगेपासून अवघ्या पाच यार्डांवर, प्रेतांनी भरलेले खड्डे उकरण्यात आले, तेव्हा टेलर तेथे उभा होता. त्या प्रत्येक प्रेताची कोठे ना कोठे कोणी वाट पाहत असेल. पण व्यापारास किंवा यात्रेस निघालेला मनुष्य महिनोन्‌महिने न परतणे हे त्या काळी नित्याचेच होते. पटकीने गेला असेल, वाघाने नेला असेल, असे म्हणून गाव गप्प बसे. आणि त्या गप्प बसण्यावरच ठगांचा धंदा चाले.

तेव्हा प्रश्नच विचारू नयेत, असे म्हणणारांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाही. परंतु याच हकीकतीतून आणखी एक गोष्ट निघते. हिंगोलीच्या पेठेत त्या वेळी घरोघर तर्क चालले असते, तर बोट हरिसिंगाकडे गेले असते काय? आम्हांस मुळीच तसे वाटत नाही. ते गेले असते एखाद्या गोसाव्याकडे, फासेपारध्याकडे, किंवा बेपत्ता माणसाच्या धाकट्या भावाकडे. घरबसल्या तर्काचा हा स्वभावच आहे की तो पुराव्याच्या मागे न जाता आधीपासून मनात असलेल्या संशयाच्या मागे जातो. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्या टोळीच्या निव्वळ अफवेवरून पाच भिक्षेकऱ्यांस जमावाने ठार केले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते. मूल कोणाचेही हरवलेले नव्हते. संशय तेवढा तयार होता.

मग चांगला तर्क आणि वाईट तर्क यांत भेद कसा करावा? तर्क करणारा शिकलेला आहे की अडाणी, हौशी आहे की धंदेवाईक, यावर तो ठरत नाही. 8 जून 1924 रोजी एव्हरेस्टच्या माथ्याकडे चढताना जॉर्ज मॅलरी व अँड्र्यू अर्विन दिसेनासे झाले. ते माथ्यावर पोचले होते की नाही, यावर जगभरच्या हौशी लोकांनी तर्कांचे डोंगर रचले. त्या लोकांत योखेन हेमलेब नावाचा एक जर्मन विद्यार्थी होता. 1975 सालच्या चिनी मोहिमेतील एका गड्यास आपल्या तळापासून जवळच एका इंग्रजाचे प्रेत दिसले होते, एवढा धागा त्याने धरला. जुनी छायाचित्रे ताडून तो तळ कोठे असावा याचे अनुमान केले. आणि 1999 च्या शोधमोहिमेबरोबर तो स्वतः हिमालयात गेला. मोहिमेस अपेक्षा होती अर्विनची. 1 मे रोजी सापडला मॅलरी. अर्विनचा बुटासह एक पाय 2024 साली खालच्या हिमनदीवर मिळाला. माथ्याचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. हेमलेबचे अनुमान कोणी तरी पायी जाऊन पाहावे यासाठी केलेले होते, आणि ते चुकीचे ठरले असते तर त्याची लाज त्यालाच वाटली असती. ‘त्याने नक्कीच जीव दिला असेल,’ असे चहाच्या पेल्यावर बोलणारास कोणत्या दरीत उतरावे लागते? तर्क खोटा ठरला तर तो दुसऱ्या दिवशी दुसरा करतो. बेपत्ता माणसाच्या आईच्या कानांवर मात्र दोन्ही गेलेले असतात.

घरच्यांच्या या स्थितीचे आपल्या इतिहासातील उदाहरण सर्वांस ठाऊक आहे, पण या दृष्टीने ते फारसे पाहिले जात नाही. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. ते पडले असे सांगणारे होते, तसेच ते निसटले असे सांगणारेही होते. पार्वतीबाईंनी 1783 साली मरेपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून पुढे आला, कैदेत पडला, 1776 साली सुटून कोकणात बंड करून उठला, आणि त्याच वर्षी पुण्यास देहान्त शिक्षा पावला. तोतया धूर्त होता खरा. परंतु पंधरा वर्षे लोकांनी चवीने चघळलेल्या ‘असेल, नसेल’ने त्याचे निम्मे काम आधीच करून ठेवले होते. बंड मोडले आणि राज्य सावरले. त्या बाईंचे काय झाले असेल, ते बखरी सांगत नाहीत.

याउलट शास्त्र व कायदा या दोघांनी येथे मोठा संयम दाखविला आहे. बारा वर्षे वार्ता न लागल्यास पळसाच्या पानांची आकृती करून पालाशविधी करावा, असे शास्त्र सांगते. आणि तो मनुष्य परतलाच, तर जातकर्मापासून त्याचे संस्कार पुन्हा करावे, अशीही सोय ठेवते. साक्षीपुराव्याच्या कायद्याची मुदत सात वर्षांची. नव्या अधिनियमातही ती कायम आहे. त्यानंतर तो मनुष्य जिवंत नाही असे न्यायालय धरून चालते. पण तो केव्हा वारला व कसा, हे त्या तरतुदीने धरून चालता येत नाही. ज्याला म्हणायचे असेल त्याने ते सिद्ध करावे. सर्व अधिकार हाती असलेला न्यायाधीश जेथे थांबतो, तेथून आपले शेजारी बोलावयास सुरुवात करतात.

राहिला ‘एकटाच का गेला’ हा प्रश्न. आम्हांस तो सर्वांत अधिक खटकतो, कारण तो प्रश्नाच्या वेषातील ठपका आहे. परिक्रमेस एकटे निघणारे, तीर्थांस एकटे जाणारे आपल्या लोकांत नवे नाहीत; त्यांना कोणी कारण विचारले नाही. डोंगर पाहावा, एवढ्यासाठीही मनुष्य जातो. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर एकट्याने जाणे धोक्याचे आहे, आपली वाट घरी सांगून जावे, हे सर्व खरे. पण ते निघण्यापूर्वी सांगावयाचे. शोधास जाणारी मंडळी घरच्यांस वेगळेच विचारतात. कोणत्या वाटेने निघाला, किती वाजता, सदरा कोणत्या रंगाचा, जवळ पाणी किती होते. त्याचे मन कसे होते, हेही विचारतात. पण ते आधी कोणती सोंड शोधावी हे ठरविण्यापुरते. उत्तर वहीत टिपून घेतात आणि दोर खांद्यावर टाकून उतरू लागतात.