आकाशातून आलेले आडनाव

आडनाव ही मोठी चमत्कारिक मिळकत आहे. घर, जमीन, दागिने यांची वाटणी करताना सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. आडनाव मात्र दहा जणांनी घेतले तरी प्रत्येकाच्या वाट्याला ते पुरेपूर येते. ते मिळवण्यासाठी आपण काडीचेही कष्ट केलेले नसतात. तरीसुद्धा नव्या माणसाची गाठ पडली की आपला पहिला प्रश्न असतो, "आपलं आडनाव काय?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, "म्हणजे मूळचे कुठले?" या दुसऱ्या प्रश्नावर गप्पांचा फड रंगतो, गावे निघतात, कुलदैवते निघतात, आणि बहुतेक वेळा लांबचे का होईना, एखादे नातेही निघते.

पण ज्याच्यापाशी या दुसऱ्या प्रश्नाला उत्तरच नाही, त्याने काय करावे? ज्याला आईबाप ठाऊक नाहीत, त्याला आडनाव कुणी द्यावे? आणि द्यायचे झालेच, तर ते खरे द्यावे की सोयीचे द्यावे?

हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो एका इटालियन आडनावामुळे. ते आडनाव अवघ्या तीन रोमन अक्षरांचे आहे : 'एको'. उंबेर्तो एको या लेखकामुळे ते जगभर गेले; पण खुद्द इटलीत ते विरळाच आहे. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ प्रतिध्वनी. आता प्रतिध्वनी म्हटला की मूळचा आवाज कुठेतरी असायलाच हवा. या घराण्यात मात्र तो मूळचा आवाजच सापडत नाही, कारण लेखकाचे आजोबा हे टाकलेले मूल होते.

इटलीतली नेहमीची आडनावे आपल्याकडल्यासारखीच आहेत. 'रॉस्सी' म्हणजे तांबड्या केसांचे, 'बियांकी' म्हणजे गोरे, 'फेर्रारी' म्हणजे लोहार. कुणी गावावरून ओळखला गेला, कुणी बापाच्या नावावरून, कुणी अंगच्या खोडीवरून. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने प्रत्येक पाद्रीबुवाला बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंदवही ठेवायला लावली, तेव्हापासून ही नावे हळूहळू पक्की होत गेली. वहीत नाव चढले की ते मुलाकडे, नातवाकडे जाऊ लागले.

पण त्याच वह्यांत असेही एक मूल यायचे, की ज्याच्या बापाच्या रकान्यात लिहायला काही नसे. नेपल्सच्या 'आन्नुन्त्सियाता' या धर्मसंस्थेच्या भिंतीत एक लाकडी फिरते पिंप बसवलेले होते. त्याला 'रुओता', म्हणजे चाक, म्हणत. रस्त्याच्या बाजूने आईने मूल त्यात ठेवायचे, चाक फिरवायचे, घंटा वाजवायची आणि अंधारात निघून जायचे. भिंतीच्या आत बसलेली बाई मूल उचलून घेई. दोघींनी एकमेकींचे तोंड पाहायचे नाही, हीच त्या चाकातली दया. अशा मुलांना नेपल्समध्ये आडनाव मिळे 'एस्पोसितो'. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ, बाहेर ठेवलेला. रोमकडे असेच एक आडनाव आहे 'प्रोयेत्ती', म्हणजे टाकलेले. मिलानच्या मोठ्या रुग्णालयाच्या चिन्हावर कबुतर होते, म्हणून तिथली मुले 'कोलोंबो' झाली. फ्लोरेन्समध्ये रेशीम-व्यापाऱ्यांच्या संघाने १४१९ साली ब्रुनेल्लेस्की या थोर वास्तुशिल्पीकडून अनाथ बालकांसाठी एक सुंदर इमारत बांधायला घेतली. १४४५ साली ती उघडली, आणि ५ फेब्रुवारीला पहिली मुलगी तिथे आली. तो संत आगाताचा दिवस, म्हणून तिचे नाव आगाता ठेवले. त्या संस्थेचे नाव 'इन्नोचेंती', म्हणजे निष्पाप जीवांचे घर. आणि तिथल्या मुलांनाही तेच आडनाव लागले.

शब्दांकडे जरा नीट पाहावे. मूल तेच, दैव तेच. पण कुणी त्याला बाहेर ठेवलेले म्हटले, कुणी टाकलेले म्हटले, कुणी दारावरच्या पाखराचे नाव दिले, आणि कुणी निष्पाप म्हटले. पहिली दोन नावे मुलाविषयी काही सांगतच नाहीत; त्याच्या बाबतीत दुसऱ्याने काय केले तेवढे सांगतात. करणाऱ्याचे नाव गुलदस्तात राहिले आणि करणी मात्र त्या पोराच्या नावामागे जन्मभर चालत राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, नेपोलियनचा मेव्हणा मुरा हा नेपल्सचा राजा असताना, टाकलेल्या मुलांना 'एस्पोसितो' हे आडनाव यापुढे देऊ नये असे ठरले. हेतू चांगला होता. पण त्यामुळे कारकुनांपुढे नवाच पेच पडला. एक ठरलेले आडनाव होते तोवर विचार करावा लागत नव्हता. आता दर मुलागणिक नवे आडनाव शोधणे आले. कुणी ऋतूंची नावे दिली, कुणी फुलांची, कुणी नुसतीच कानाला गोड लागणारी. म्हणून आज एक मौज दिसते. 'एस्पोसितो' हे नेपल्सच्या मुलखातले अगदी सर्रास आढळणारे आडनाव आहे, तर दुसऱ्या बाजूला कितीतरी आडनावे अशी आहेत की ती एखाद-दुसऱ्या घराण्यापुरतीच उरली आहेत. दोहोंचा उगम एकाच दुःखात आहे. एक नाव हजारोंना वाटले म्हणून ते वाढले. दुसरे एकालाच दिले म्हणून ते दुर्मिळ राहिले.

'एको' हे या दुसऱ्या जातीचे. लेखकाच्या आजोबांना हे आडनाव नगरपालिकेतल्या कुणा कारकुनाने दिले. त्याचा अर्थ काय, हे त्या कुटुंबाला पुष्कळ वर्षे उमगले नव्हते. पुढे लेखकाच्या एका मित्राला व्हॅटिकनच्या ग्रंथालयात जेसुइट पाद्र्यांच्या संक्षेपांची एक यादी दिसली. तिच्यात ही तीन अक्षरे होती : 'एक्स चेलिस ओब्लातुस', म्हणजे स्वर्गातून अर्पण झालेला. अर्थ अनुमानानेच बसवलेला आहे, पण तो बसतो मात्र चपखल.

माझ्या एका वकील स्नेह्यांना मी ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, "छान आहे, पण खोटं आहे. मूल रस्त्यावरून आलं आणि वहीत स्वर्गातून आलं म्हणून लिहिलं. उद्या सगळेच कारकून असं काव्य करू लागले तर वह्यांचा उपयोग काय?" चहाचा ट्रे घेऊन आलेल्या वहिनी तिथेच थांबल्या. त्या म्हणाल्या, "अहो, पण खरं ते कपाळावर लिहून ठेवायला मूल म्हणजे काय डाळीचा डबा आहे? आणि मला सांगा, आपली तरी मुलं कुठून आली म्हणून आपण त्यांना सांगत होतो? देवानं दिली म्हणूनच ना?"

वकीलसाहेब हसले, पण त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सत्य लपवणे हे दयेच्या पोटी झाले तरी लपवणेच असते. मुलाला मोठेपणी वाटले की आपले मूळ शोधावे, तर गोड नावाने त्याची वाट बुजवलेली असते. 'एस्पोसितो' हे नाव कठोर खरे, पण ते निदान फसवत नाही.

मला वाटते, या वादात एक गोष्ट निसटते. सत्य बोलावे हे जितके खरे, तितकेच ते कोणाचे आहे हेही पाहावे लागते. टाकलेल्या मुलाच्या जन्माचे सत्य हे प्रथम त्या मुलाचे. त्याला ते हवे असेल तेव्हा मिळावे. बाजारात भाजी घेताना, शाळेत हजेरी देताना, लग्नाची बोलणी करताना ते चारचौघांत उघडे पडावे, असा चारचौघांचा काही हक्क नाही. 'एस्पोसितो' ही पाटी मुलाला काहीच नवीन सांगत नव्हती. ती सांगत होती ती शेजाऱ्यांना. उलट, त्या अनामिक कारकुनाने तीन अक्षरांत जे लिहिले त्यात खोटे असे काय होते? मूल कुणीतरी अर्पण केले होते, एवढे तर खरेच. फक्त ते त्याने अशा लिपीत ठेवले की जाणत्यालाच वाचता यावे.

इटलीचा आजचा कायदाही हीच कसरत करताना दिसतो. २००० सालच्या जन्मनोंदणीच्या नियमांप्रमाणे, आईबाप अज्ञात असलेल्या मुलाला त्याचे मूळ उघड करणारे आडनाव देता येत नाही. तसेच इतिहासप्रसिद्ध किंवा त्या गावात विशेष ख्यातनाम असलेल्या घराण्याचे आडनावही देता येत नाही. म्हणजे कलंक नको आणि उसना मोठेपणाही नको. मात्र सत्याचा प्रश्न तिथे अधिक अवघड झाला. त्या देशात बाळंतिणीला आपले नाव न सांगता मूल जन्माला घालता येते, आणि तिची ओळख सांगणारे कागद १०० वर्षांपर्यंत बंद राहतात. शंभर वर्षांनी ते उघडले तर वाचायला कोण उरणार? २०१२ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने याबद्दल इटलीला दोष दिला. २०१३ साली इटलीच्या घटना न्यायालयाने सांगितले की, मुलाने विनंती केल्यास त्या आईला गुपचूप विचारण्याची तरी सोय हवी की, "बाई, तुमचा निश्चय अजून तोच आहे का?" मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो. दार फोडायचे नाही, पण ते हळूच ठोठवायला हरकत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८६३ साली पुण्यात हाती घेतला. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, आणि मूल मारू नये, म्हणून त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. अशाच एका विधवेचे मूल जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतले. त्याचे नाव यशवंत. आडनाव त्यांनी आपलेच दिले. ते 'फुले' हे आडनावही फार जुने नव्हते. मूळचे गोऱ्हे, फुलांच्या धंद्यावरून फुले झाले होते. कामावरून आलेले नाव घराण्याचे झाले आणि प्रेमाने ते यशवंताकडे गेले. या साखळीत रक्ताचा दुवा एका जागी नाही, म्हणून ती साखळी तुटली असे कोण म्हणेल?

खरे पाहता, आडनाव टिकणे हा पुष्कळसा योगायोग असतो. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन याने १८७३ साली गणितज्ञांना कोडे घातले की, नामांकित घराण्यांची आडनावे पाहता पाहता का नाहीशी होतात? वॉटसन नावाच्या पाद्र्याने त्यावर गणित मांडले, आणि दोघांनी ते पुढच्या वर्षी प्रसिद्ध केले. मर्म साधे आहे. नाव मुलाकडूनच चालायचे असेल, तर एखाद्या पिढीत मुलगेच न झाल्याने ते संपते. आणि नाव एकाच माणसापासून सुरू झालेले असेल, तर हा धोका आरंभीच फार मोठा. एकोंच्या आजोबांना मात्र १३ अपत्ये झाली, आणि लेखकाचे वडील त्यांतले पहिले. ज्याच्या मागे कोणी नव्हते, त्याच्या पुढे अशी रांग उभी राहिली! आता तर २०२२ साली इटलीच्या घटना न्यायालयाने मुलाला आई आणि बाप या दोघांचीही आडनावे मिळावीत असा निर्णय दिला आहे. विरळ आडनावांना त्यामुळे मुलींच्याही हाताने पुढे जाण्याची वाट मोकळी झाली.

उंबेर्तो एको १९३२ साली आलेस्सांद्रिया गावी जन्मले आणि २०१६ साली मिलानमध्ये वारले. चिन्हांचा अर्थ कसा लागतो, हे शास्त्र ते बोलोन्याच्या विद्यापीठात शिकवीत. १९८० सालच्या त्यांच्या पहिल्या कादंबरीच्या शीर्षकातच 'नाव' हा शब्द आहे. १९८८ सालच्या दुसऱ्या कादंबरीत त्यांनी दिओताल्लेवी नावाचे एक पात्र घातले. हे आडनावही टाकलेल्या मुलांना मिळणाऱ्यांपैकी. अर्थ, 'देव तुला वाढवो'. तो बिचारा आपण मूळचे ज्यू आहोत असा हट्ट धरून बसतो, आणि मित्र त्याची थट्टा करतात. मूळ नसलेल्या माणसाला मुळाची केवढी भूक असते, हे ती थट्टा लिहिणाऱ्याला घरातूनच ठाऊक असले पाहिजे.

पण माझ्या मनात घर करून राहिले आहेत ते आजोबा. ते छापखान्यात अक्षरजुळणीचे काम करीत. निवृत्त झाल्यावर चार पैसे मिळावेत म्हणून ते लोकांची पुस्तके बांधून देऊ लागले. घरभर सुटी पाने, जुन्या सचित्र कादंबऱ्या पडलेल्या असत. १९३८ साली ते वारले, तेव्हा पुष्कळ मालक आपली पुस्तके परत न्यायला आलेच नाहीत. ती सारी एका मोठ्या पेटीत भरली गेली, आणि योगायोगाने ती पेटी आली लेखकाच्या आईवडिलांच्या तळघरात. कोळसे आणायला खाली गेलेल्या लहानग्या उंबेर्तोने एके दिवशी ती उघडली, आणि तिथेच तो वाचत बसला. त्या पुस्तकांचे मालक कोण, हे त्याला कुणी विचारले नाही, आणि पुस्तकांचेही त्यावाचून काही अडले नाही.